बिनपाकळ्यांचा जरबेरा

“हे झाड कुणाला विचारून घरी आणलं?”

हिराबाई ओव्हाळ अंगणात नव्या इंद्रायणीचे तांदूळ पाखडत बसल्या होत्या. सूप हवेतच थांबलं. पॉलीहाउसचा मॅनेजर गौरव बुटांसकट सारवलेल्या अंगणात येऊन उभा होता. त्याच्यामागे वॉचमन हनुमंत मान खाली घालून उभा, आणि वडिवळ्याच्या त्या अरुंद गल्लीच्या तोंडाशी कंपनीचा छोटा टेम्पो.

“कोनचं झाड?”

“मावशी, साळसूद बनू नका. ह्या तीन कुंड्या. आमच्या पॉलीहाउसमधला जरबेरा आहे ना हा?”

“व्हय, तितलाच हाय. तुमीच खड्ड्यात टाकलावता. मी उचलून आनला.”

“मी टाकला होता?”

“तुमीच की. नवे नवे आलावता तवा. चार नंबरच्या बेडमधी. ‘व्हायरस आहे, उपटा’ म्हनलावता.”

गौरवला ते आठवत नव्हतं. पाच वर्षांत त्यानं किती झाडं उपटायला लावली असतील, त्यातलं एक कशाला आठवेल? तो म्हणाला, “टाकलेलं झाडसुद्धा कंपनीचंच असतं. व्हरायटी रजिस्टर्ड आहे. असं घरी नेणं म्हणजे चोरी होते.”

“मंग त्या खड्ड्यातली गांडुळंबी कंपनीचीच म्हना. रोज हजेरी घेत जा त्यांची.”

हनुमंतानं हसू दाबलं. गौरवनं त्याच्याकडे पाहिलं तशी त्यानं घाईघाईनं पहिल्या कुंडीला हात घातला.

“पानाला धरू नगंस रं, बुडाला हात घाल,” हिराबाई ओरडल्या. आपलंच झाड आपल्या अंगणातून जात होतं, आणि त्या ते नीट कसं न्यावं हे सांगत होत्या.

तिसरी कुंडी टेम्पोत चढली तेव्हा त्या उठून मागे गेल्या. “सर, एक सांगते तेवढं ऐका. ह्या झाडाचे फुटवे…”

“उद्यापासून कामावर येऊ नका,” गौरव म्हणाला आणि टेम्पोत बसला.

अठरा वर्षं. मावळात पांढऱ्या प्लास्टिकची ती घरं उभी राहायला लागली, त्या सुरुवातीच्या बायकांमधल्या हिराबाई. त्याआधी ह्या खाचरांत भाताशिवाय काही दिसायचं नाही आणि डोंगरावर भादव्यात सोनकीशिवाय. हिराबाईंचं माहेर लोहगडवाडीचं. आता तिथं भजी आणि मॅगीच्या टपऱ्या आहेत, शनिवार-रविवार गाड्यांना जागा पुरत नाही. पण त्या लहान असताना गडाच्या उतारावर गुडघाभर सोनकी पिवळीधमक फुललेली असायची आणि पोरी तिच्यात लपायच्या. घरामागे आईचा झेंडू. आई वाळलेलं झेंडूचं फूल तळहातावर चुरायची आणि दाखवायची, प्रत्येक पाकळीच्या बुडाला एकेक काळं बी. “पाकळी म्हंजी फूलच हाय बाय. न्हाईतर तिच्या पोटी बी कुटनं आलं असतं?” असं ती म्हणायची. आई शाळेची पायरी चढलेली नव्हती.

त्यामुळे जरबेऱ्याचं हिराबाईंना नवल वाटलं नाही. इतर बायकांना शिकवावं लागलं, की देठ कापायचा नसतो, बुडाशी धरून जरासा पिरगळून ओढून घ्यायचा. फूल कधी तोडायचं हे तर कितीतरी महिने कळायचं नाही. लोक पाहतात बाहेरच्या लाल पाकळ्या. हिराबाई बघायच्या मधलं पोट. तिथं शेकडो बारकी नळीसारखी फुलं दाटीवाटीनं बसलेली असतात. त्यातल्या कडेच्या दोन ओळी उमलल्या की फूल तोडायला आलं. त्याआधी तोडलं तर शहरात पोचेपर्यंत मान टाकतं. हिराबाईंच्या हातची फुलं परत आली, असं अठरा वर्षांत कधी झालं नाही.

आणि त्या चार नंबरच्या बेडमध्ये, म्हणजे वाफ्यात, त्यांना ते झाड दिसलं. फुलाला पाकळ्याच नव्हत्या. कडेला जिथं लांब लाल पाकळ्या यायच्या तिथंही मधल्यासारख्याच तांबड्या नळ्या. सगळं फूल म्हणजे नळ्यांची एक गोल उशी.

शेजारच्या बेडवरची झुंबरबाई तेव्हा म्हणाली होती, “हिरे, तुजी ही मुंडी कुनी न्हेनार न्हाई बग. बिनकुंकवाची हाय.”

“बिनकुंकवाची तर मीबी हाय,” हिराबाई म्हणाल्या, “मला टाकलं का कुनी खड्ड्यात?”

झुंबरबाई तिची जुनी मैत्रीण. तिनं जीभ चावली. पण आठ दिवसांत गौरवनं ते झाड उपटायला लावलं. जरबेऱ्याला एक रोग येतो खरा, त्यात फुलं हिरवी पडतात, पानांसारखी होतात. पण तो रोग शेजारच्या झाडांना लागतो आणि झाड खुरटतं. ह्या झाडाचा शेजार ठणठणीत होता. हिराबाईंनी तसं सांगूनही पाहिलं. “मावशी, मी बी.एस्सी. ॲग्री केलंय,” एवढंच उत्तर मिळालं.

संध्याकाळी त्यांनी खड्ड्यातून गड्डा उचलला, डब्याच्या पिशवीत घातला आणि घरी आणला. गेटवर हनुमंतानं पिशवी पाहिली होती. लपवायचं काही नव्हतंच. कचराच तर होता.

एकाची तीन झाडं झाली. पाच वर्षं फुलं येत राहिली, बहुतेक तशीच. हिराबाईंची नात पायल लोणावळ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेली तेव्हा तिनं एक फोटो आपल्या बाईंना दाखवला. बाईंनी तो पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पाठवला. दसऱ्याच्या आधी तिथल्या सारिका मॅडम थेट अंगणात आल्या, ओट्यावर मांडी घालून बसल्या आणि भिंगातून फुलाकडे बघतच राहिल्या.

“आजी, हे एक फूल नसतं बरं का…”

“म्हाईतंय. जत्रा असती ती.”

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. हिराबाईंनी त्यांना आईचा झेंडू सांगितला. पाकळीखालचं बी सांगितलं. सूर्यफुलाच्या पाकळीखाली मात्र दाणा धरत नाही, तेही सांगितलं.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“शिकवायचं काय त्यात? बी पेरनाऱ्याला कळतंच की.”

मॅडम हसल्या. मग त्यांनी फूल हातात धरून समजावलं, तेही अगदी सरळ. “ह्यातल्या प्रत्येक बारक्या फुलात जनुकं तीच असतात. पण एक जनुक कडेच्या फुलांमध्ये जागं होतं. ते जागं झालं की फुलाचा एक ओठ लांब वाढत जातो, त्याला आपण पाकळी म्हणतो. मधल्या फुलांत ते गप्प असतं, म्हणून त्यांच्या नळ्याच राहतात. तुमच्या झाडात ते कडेलासुद्धा गप्प आहे.”

“कायमचं गप न्हाई.”

“म्हणजे?”

“एखादा फुटवा मधीच सरळ फुलं द्याया लागतो. चांगली लांब पाकळ्यांची. एकाच बुडातनं.”

मॅडमचा आवाज बदलला. “एकाच झाडावर? मग त्या जनुकात कुठलातरी उपरा तुकडा येऊन बसला असणार. काही तुकडे असे एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसतात. बसला की जनुक बंद. उठला की पुन्हा चालू.”

“दारात म्हैस बसल्यावानी.”

“अगदी तस्संच!”

“म्हैस उठली की घरातली मानसं भाईर.”

त्या दोघी इतक्या हसल्या की पायल चहा घेऊन बाहेर आली, काय झालं बघायला. आयुष्यात कुणीतरी पहिल्यांदा हिराबाईंच्या डोक्यातल्या गोष्टीला दुसऱ्या बाजूनं हात लावला होता.

पण मॅडमनी एकही पान तोडून नेलं नाही. परवानगीशिवाय नेता येत नाही म्हणाल्या. झाड मूळचं कुठलं, हे हिराबाईंनी खरं ते सांगितलं. आणि मॅडमनी पुण्याला जाऊन कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. पायलनं नंतर ते मोबाइलवर वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, ‘आपल्या एका स्थानिक महिला कामगाराकडे हे दुर्मीळ झाड आढळले असून ते आहे त्या स्थितीत ठेवावे.’

“आजी, नाव नाही लिहिलं तुझं,” पायल म्हणाली.

“न्हाई कसं? ‘स्थानिक महिला कामगार’. लय मोठं नाव हाय,” हिराबाई म्हणाल्या.

त्या पत्रानं कंपनी जागी झाली, आणि भात झोडून झाल्यावर त्या दुपारी टेम्पो दारात आला.

दुसऱ्या दिवशी हिराबाई नेहमीच्या वेळेला गेटवर गेल्या. कामासाठी नव्हे. त्यांना एक गोष्ट सांगायची होती, जी मॅडमना सांगायची राहिली होती. मॅडम तेव्हा लगेच फोनवर कुणाला तरी ‘सापडलं, सापडलं’ म्हणून सांगायला लागल्या होत्या, आणि त्यांनी पुढचं विचारलंच नव्हतं.

हनुमंतानं गेट उघडलं नाही. त्यानं गेटवरची वही पुढे केली. हिराबाई चौथी शिकलेल्या. बोट ठेवत त्यांनी वाचलं. ‘हिराबाई जानू ओव्हाळ. झाडाची चोरी. आत सोडू नये.’ खाली गौरवची सही.

“मावशे, माज्या हातात काय न्हाई गं,” हनुमंत म्हणाला.

“तुज्या हातात काय न्हाई हे मला म्हाईत हाय. तू सायबाला एवढाच निरोप दे. म्हनावं, त्या झाडाचा जोरकस फुटवा काढून टाका आन् मरतुकडा ठिवा. उलटं करू नका.”

हनुमंत आत गेला आणि परत आला. “सर म्हनले, अठरा वरसं कामाला व्हती, एवढंबी शिकली न्हाई का.”

हिराबाईंनी पदर खोचला आणि त्या दोन किलोमीटर चालत घरी आल्या. गावात गोष्ट त्यांच्याआधी पोचली होती. विहाराच्या पायरीवर बसलेल्या बायका बोलता बोलता थांबल्या. कुणी काही विचारलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. विचारलं असतं तर सांगता तरी आलं असतं. चोरी करायची असती तर अठरा वर्षांत हातून लाखो फुलं गेली, त्यातलं एक तरी केसांत माळलं असतं की नाही?

माघ उजाडला. एके दिवशी सकाळी झुंबरबाईचा फोन आला. तिचा आवाज अर्धा हसण्याचा, अर्धा रडण्याचा.

“हिरे, लवकर ये. तुजी मुंडी नवरी नटूनथटून बसलीया. हितं समद्यांची तोंडं उतरलीत. त्या पुन्याच्या मॅडम तुलाच बोलवत्यात. गाडी धाडलीया.”

त्या दिवशी पॉलीहाउसमध्ये ते दुर्मीळ झाड दाखवायचा कार्यक्रम होता. मालक आले होते, कृषी खात्याचे अधिकारी आले होते, आजूबाजूचे फूलवाले शेतकरी आले होते. मंडपात पांढऱ्या कापडावर बारा कुंड्या मांडलेल्या. गौरवनं तीन झाडांची बारा केली होती. माईक हातात घेऊन त्यानं सांगितलं, की झाड अगदी वाईट अवस्थेत, एका घरात कसंबसं ठेवलेलं होतं, आणि योग्य खतं देऊन कंपनीनं ते पूर्ण बरं केलं. मग त्यानं कुंड्यांकडे हात केला. बाराच्या बारा कुंड्यांत लालभडक, लांब पाकळ्यांचे, बाजारात मिळतात तसले जरबेरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सारिका मॅडमनी वाजवल्या नाहीत. “ह्याला पाकळ्या कुठून आल्या? आजींना बोलवा,” असं त्या उठून म्हणाल्या.

हे सगळं झुंबरबाईनं नंतर सांगितलं. हिराबाई आल्या तेव्हा टाळ्या संपल्या होत्या. गाडी गेटपाशी थांबली. हनुमंतानं गेट सताड उघडलं. हिराबाई बाहेरच उभ्या राहिल्या.

“चल की मावशे आत.”

“वहीत काय लिवलंय? आत सोडू नये. मी न्हाई येत.”

“आता ते ऱ्हाऊदे गं…”

“का ऱ्हाऊदे? लिवलंय ना? पाळा की.”

शेवटी आतली माणसंच गेटवर आली. पुढे सारिका मॅडम, स्वतः एक कुंडी उचलून. मागे गौरव, मालक, दोन अधिकारी आणि रिकाम्या हातांनी उभ्या असलेल्या बेडवरच्या बायका. माघातलं ऊन असलं तरी अकरा वाजले होते, डोक्यावर काही नव्हतं.

मॅडमनी कुंडी रस्त्यावरच खाली ठेवली. हिराबाई उकिडव्या बसल्या. फुलाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पानं बाजूला करून बूड पाहिलं.

“जोरकस फुटवे लावले.”

“मग काय मरतुकडे लावायचे?” गौरव म्हणाला. “रोपं करताना कुणीही जोरकसच घेतो.”

“व्हय. सरळ झाडाचे जोरकसच घ्यायचे. ह्या झाडाचा मरतुकडाच खरा व्हता. बिनपाकळ्यांची फुलं मरतुकड्यावर यायची. जोरकस निघाला की समजायचं, दारातली म्हैस उठली. तो काढून टाकायचा, न्हाईतर तो समद्या झाडाला खातो. पाच वरसं मी दरसाली भात झोडून झाल्यावर तेच करत आले. औंदा करायच्या आतच तुमी झाडं उचलली.”

मॅडमनीही वाकून बूड पाहिलं.

“हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, आजी,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“तुमी इचारलं न्हाई. ‘सापडलं, सापडलं’ म्हनत फोनवर गेला. ह्यांना सांगाया आले तर ह्यांनी गेटातनं हाकललं. आन् आता समद्यांना मी पायजे?” त्यांचा आवाज चढला. “बाकीचे फुटवे कुटं हायेत?”

गौरव मालकांकडे पाहू लागला. उत्तर झुंबरबाईनं दिलं. “खड्ड्यात टाकले गं. मी म्हनलं मी न्हेते, तर मलाबी म्हनले, तुज्यावरबी चोरी घालू का. गेल्या महिन्यात जेसीबीनं बुजवला खड्डा.”

“पुन्यांदा खड्ड्यात.” हिराबाई उठून उभ्या राहिल्या. “पयल्यांदा टाकलं तवा मी उचललं. आता कोन उचलनार?”

मॅडमचं तोंड उतरलं होतं. तरी त्या म्हणाल्या, “सगळं संपलं असं नाही. तो तुकडा उठून गेला तरी कधी कधी त्या जनुकात त्याची बारीकशी खूण राहते. ह्या बारा झाडांमध्ये शोधता येईल. पण कुठल्या कुंडीत, कुठल्या फुटव्याला, कधी सरळ फुलं आली, ह्याची नोंद लागेल. पाच वर्षांची.”

“आमच्याकडे नाही,” गौरव म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता.

“माज्याकडं हाय,” हिराबाई म्हणाल्या.

“वहीत?”

“वहीत कशाला? पयल्या साली आषाढ पुनवंला विहारात वर्षावास बसला, त्या सकाळी वढ्याच्या अंगाच्या कुंडीत पयलं सरळ फूल आलं. दुसऱ्या साली दोन आली, एक पायलच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी, एक बुद्धपुनवंच्या आधी तीन दिस. तिसऱ्या साली…”

मॅडमनी पटकन पर्समधून वही काढली. “सांगा, मी लिहून घेते. आणि ह्या वेळी तुमच्या नावानं.”

हिराबाईंनी गेटकडे पाहिलं.

“सांगते. पन चोराची साक्ष कोन लिवून घेतंय का?”

“तुम्हाला चोर कोण म्हणतंय?”

“हनुमंता, वही आन.”

हनुमंतानं गेटवरची वही आणली. पान उघडायला त्याला वेळ लागला नाही. मॅडमनी वाचलं. मालकांनी वाचलं आणि चष्मा काढला. “गौरव, खोडून टाका ते,” ते घाईघाईनं म्हणाले. “गैरसमज झाला, विषय संपला.”

गौरवनं खिशातून पेन काढलं.

“खोडायचं न्हाई,” हिराबाई म्हणाल्या. “खोडलं की वाटतं कायतरी व्हतं म्हनून खोडलं. ते तसंच ऱ्हाऊद्या. त्याच्याखाली लिवा, झाड आमीच टाकून दिलतं.”

गौरव मालकांकडे पाहत राहिला. मालकांनी मान हलवली. गेटच्या खांबावर वही टेकून त्यानं दोन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली. हिराबाईंनी वही हातात घेतली आणि अक्षरांखालून बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. जोडाक्षर आलं की त्या थांबत, ओठ हलवत, मग पुढे सरकत. एक अधिकारी रुमालानं मान पुसत होता. दुसऱ्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. मालक उन्हात उभे होते. बेडवरच्या बायकाही उभ्या होत्या.

दुसरी ओळ संपल्यावर हिराबाईंनी दोन्ही पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. मग वही परत पुढे केली.

“‘खड्ड्यात’ ऱ्हायलं,” त्या म्हणाल्या. “टाकून दिलं, एवढंच लिवलंय. खड्ड्यात टाकलं, असं लिवा.”

गौरव पुन्हा खांबाशी वाकला. त्याच्या पायाशी, रस्त्यावर ठेवलेल्या कुंडीत, भरल्या पाकळ्यांचा लाल जरबेरा ताठ उभा होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.